न दाबलेली कळ

यंदाच्या अंकाचा विषय 'हात' आहे, असं संपादकांनी जूनमध्ये फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर भातलावणीच्या बाया आल्या. गुडघाभर चिखलात वाकलेल्या, मूठभर रोपं डाव्या हातात आणि उजवा हात सतत चिखलात. मावळात राहणाऱ्या माणसाला जूनमध्ये दुसरं काय सुचणार? लेख मनातल्या मनात अर्धा लिहूनही झाला होता.

मग लोणावळ्यात चिक्कीच्या एका दुकानात रांगेत उभी असताना मला एक कीबोर्ड दिसला. बिल करणाऱ्या मुलीच्या डाव्या अंगाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, वर रद्द बिलांची थप्पी. शनिवार होता, भुशी डॅमवरून भिजून आलेल्या माणसांनी दुकान गच्च भरलं होतं. अर्धा तास मी बघत होते. तेवढ्या वेळात त्या मुलीचं बोट त्या कीबोर्डला एकदाही लागलं नाही. तरी स्क्रीनवर आकड्यामागून आकडे उमटत होते, ओळी पुढे सरकत होत्या, बिलं निघत होती. टाइप तर होत होतं. मग हात कुणाचा?

भातलावणी राहिली. पुढचे तीन महिने मी या न दिसणाऱ्या बोटांच्या मागे हिंडले.

काउंटरवर

त्या दुकानात मी पुन्हा गेले ती मंगळवारी, गर्दी नसताना. मालक म्हणाले, "ताई, आत या, इथूनच बघा." ती मुलगी कार्ल्याची, बारावीनंतर इथे लागली. मी तिला विचारलं, की हे यंत्र आकडा बिलाच्या प्रोग्रामला नेमकं सांगतं कसं? ती म्हणाली, "प्रोग्रामला नाही सांगत. थांबा, दाखवते."

तिने बिलाचा प्रोग्राम खाली सारला आणि नोटपॅड उघडलं. कोरं पांढरं पान. हातातला स्कॅनर एका खोक्यावर धरला. 'पीं' आवाज झाला आणि त्या कोऱ्या पानावर ८९०पासून सुरू होणारे तेरा आकडे सरसर उमटले. कर्सर आपणहून खालच्या ओळीवर जाऊन बसला. मग तिने मोबाइलचे मेसेज कॉम्प्युटरवर बघायची खिडकी उघडली आणि शोधायच्या चौकटीत कर्सर ठेवून पुन्हा स्कॅनर मारला. तेरा आकडे तिथेही हजर.

एवढ्यात सगळं आलं. स्कॅनरला बिल, चिक्की, ग्राहक यातलं काहीही ठाऊक नसतं. तो काळ्यापांढऱ्या पट्ट्या वाचतो आणि कॉम्प्युटरला भासवतो, की एका अतिशय वेगवान माणसाने तेरा आकडे टाइप करून एंटर दाबलं. कर्सर जिथे उभा असेल तिथे ते आकडे पडतात.

जाता जाता एक सांगायला हवं. ८९० दिसलं की माल भारतात बनला, असं पुष्कळजण मानतात. तसं नाही. भारतातल्या जीएस१ संस्थेकडे नोंद झालेल्या क्रमांकांची ती सुरुवात आहे. माल कुठे बनला हे त्यातून कळत नाही.

सुट्ट्या चिक्कीची तऱ्हा याहून मजेदार. तिला छापील वेष्टन नसतं. काट्यावर ठेवली की काटाच लेबल छापून देतो. माझ्या पिशवीवर आलं ते २१०००४२००५२५९. पहिले २१ म्हणजे दुकानातल्या दुकानात वापरायचा क्रमांक, दोनने सुरू होणारे क्रमांक त्यासाठीच राखलेले असतात. मग ०००४२ म्हणजे शेंगदाणा चिक्की, त्या दुकानापुरती. मग ००५२५ म्हणजे ५२५ ग्रॅम. शेवटचा ९ हा राखणदार. पहिल्या बारा आकड्यांतले एकाआड एक घ्यायचे: पहिला, तिसरा, पाचवा असे. त्यांची बेरीज येते ६. उरलेल्यांची येते १५, तिची तिप्पट ४५. एकूण ५१. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे ६०ला, ९ कमी पडतात, म्हणून शेवटी ९. बारापैकी कुठलाही एक आकडा चुकीचा वाचला गेला, तर हा हिशेब जुळत नाही आणि स्कॅनर गप्प राहतो. मी वहीत हे गणित मांडत होते, तेव्हा ती मुलगी वाकून बघत होती. ती म्हणाली, "म्हणजे लेबल ओलं झालं की 'पीं' का करत नाही, ते हे होय!"

पण हा राखणदार आकडा बरोबर वाचला गेल्याची खात्री देतो, तो बरोबर जागी पडल्याची नाही. तिच्या पहिल्या दिवाळीतली गोष्ट तिने सांगितली. कर्सर नगाच्या चौकटीत राहून गेला होता आणि तिने स्कॅनर मारला. बिलाच्या मते ग्राहकाने आठ लाख कोटींहून जास्त खोकी घेतली होती. रक्कम चौकटीत मावेना आणि मागे वीस माणसांची रांग. तेव्हापासून तिची नजर खोक्याकडे कमी आणि कर्सरकडे जास्त असते. तिचं खरं कसब तेच आहे, असं मला वाटतं. बोटांचं काम गेलं, डोळ्यांचं वाढलं.

पाचर

बारकोड दुकानात पहिल्यांदा वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय गावी, च्युइंगगमच्या पाकिटावर. कॉम्प्युटर टेबलावर आले त्यानंतर. त्यांच्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रामांना माहिती घ्यायची एकच वाट ठाऊक होती, ती म्हणजे कीबोर्ड. स्कॅनर विकत घेतला म्हणून कोणी आपला हिशेबाचा प्रोग्राम नव्याने लिहून घेणार नव्हतं. तेव्हा कुणीतरी युक्ती काढली. कीबोर्डची वायर कॉम्प्युटरमधून उपसायची, मध्ये एक डबी घालायची, डबीच्या एका तोंडाला कीबोर्ड, दुसऱ्याला स्कॅनर, तिसरं कॉम्प्युटरात. कीबोर्डवरून आलेलं डबी जसंच्या तसं पुढे जाऊ देते आणि मधूनच स्कॅनरचे आकडे त्याच बोलीत सोडते. या डबीला 'कीबोर्ड वेज' म्हणत. वेज म्हणजे पाचर. सुतार फटीत मारतो ती.

आता डबी गेली. यूएसबीची वायर खोचली की कॉम्प्युटर विचारतो, तू कोण? स्कॅनर उत्तर देतो, मी कीबोर्ड. कॉम्प्युटर ते खरं मानतो. तपासायची सोयच नाही. त्यानंतर जे जातं ते आठ बाइटांचं एक पाकीट. पहिल्या बाइटमध्ये शिफ्ट, कंट्रोल वगैरे दाबलं आहे का ते, दुसरा रिकामा, उरलेल्या सहांत त्या क्षणी दाबलेल्या कळांचे क्रमांक. क्रमांक कळांचे असतात, अक्षरांचे नाहीत, हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल. वरच्या ओळीतल्या १च्या कळीचा क्रमांक ३०, २चा ३१, असं करत ९चा ३८, ०चा ३९ आणि एंटरचा ४०.

आणि बोट उचललंसुद्धा पाहिजे. माझ्या चिक्कीच्या क्रमांकात ओळीने तीन शून्यं आहेत. स्कॅनरने नुसतं ३९, ३९, ३९ पाठवलं, तर कॉम्प्युटरला वाटेल, की एकच कळ दाबून धरली आहे. म्हणून प्रत्येक शून्यानंतर एक कोरं पाकीट जातं, आठही बाइट शून्य. म्हणजे बोट उचललं. मग पुन्हा ३९. यंत्र माणसाचं बोट इतक्या तपशिलाने वठवतं, दाबणं आणि सोडणं दोन्ही.

या स्कॅनरला स्वतःला काही शिकवायचं असेल, तर तेही बारकोडनेच. खोक्यात एक पुस्तिका येते, तिच्या पानापानावर बारकोड. एक वाचला की आकड्यांमागे एंटर जोडलं जातं, दुसरा वाचला की एंटरऐवजी टॅब. मालकांनी ती पुस्तिका गल्ल्यात, देवाच्या फोटोमागे जपून ठेवली आहे.

मला या जुन्या युक्तीबद्दल मनापासून आदर वाटायला लागला तो इथे. बिलाचा प्रोग्राम ज्याने लिहिला त्याला हा स्कॅनर ठाऊक नाही. स्कॅनर ज्याने बनवला त्याला हा प्रोग्राम ठाऊक नाही. कोणी कोणाची परवानगी घेतली नाही, करार केला नाही. तरी दोघं लोणावळ्याच्या एका काउंटरवर बिनबोभाट एकत्र काम करतात, कारण कीबोर्डची बोली दोघांनाही येते. छोट्या दुकानदाराला परवडणारी सोय बहुतेक वेळा अशाच वाटेने येते.

कामशेतचा काटा

कामशेतच्या बाजारात तांदळाच्या दुकानात शिरलं की आधी वास येतो. इंद्रायणीचा. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने तयार केलं, १९८७ साली. आज पुण्या-मुंबईचे लोक एक्सप्रेसवे सोडून ते न्यायला इथे वळतात.

तिथल्या एका काकांकडे जमिनीवरचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. पोतं ठेवायचं, आकडा बघायचा, कॉम्प्युटरवर टाइप करायचा. कापणीनंतरच्या दिवसांत रोज दीड-दोनशे वेळा. "पंचवीस चाळीसचं चोवीस पन्नास कधी होतं, कळत पण नाही," काका म्हणाले. "एकदा आमचं नुकसान, एकदा शेतकऱ्याचं. शेतकऱ्याचं झालं की जास्त लागतं मनाला."

काट्याच्या मागे नऊ टाचण्यांचं एक तोंड असतं. त्यातून वजन अक्षरांच्या रूपाने सतत बाहेर पडत असतं, कोणी ऐको वा न ऐको. काकांच्या बिलाच्या प्रोग्रामला ते ऐकता येत नव्हतं. पुतण्या तळेगावात नोकरीला, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. त्याने रविवारी बसून पायथनमध्ये चाळीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. तो काट्याच्या वायरीवर कान लावून बसतो. ओळ आली की आधी बघतो, काटा स्थिर झाला आहे का. पोतं ठेवल्याठेवल्या आकडा हेलकावे खात असतो, तो घ्यायचा नाही. स्थिर झाल्याची खूण दिसली की शेजारची 'केजी' वगैरे अक्षरं छाटतो, उरलेला आकडा कर्सरच्या जागी टाइप करतो आणि टॅब मारतो.

सांगताना सोपं वाटतं. पुतण्याचे पुढचे तीन रविवार गेले. पहिल्यांदा २५.४०च्या जागी २.४० पडायला लागलं. प्रोग्राम इतका भराभर टाइप करत होता, की जुन्या बिलाच्या प्रोग्रामला ते झेपत नव्हतं. दोन कळांमध्ये तीस मिलिसेकंदांची उसंत दिल्यावर आकडे नीट पडायला लागले. मग एक दिवस काहीच पडेना. नोटपॅडमध्ये वजन येतंय, बिलात नाही. खूप शोधल्यावर कारण सापडलं. कोणीतरी बिलाचा प्रोग्राम 'अॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडायची सोय करून ठेवली होती. खालच्या अधिकाराच्या प्रोग्रामने वरच्या अधिकाराच्या प्रोग्रामात कळा दाबलेल्या विंडोजला चालत नाहीत. व्हिस्टापासून तसा नियमच आहे, आणि कळा नाकारल्याचं विंडोज कुणाला सांगतही नाही.

तेव्हा पुतण्याने वाट बदलली. आर्डुइनो लिओनार्डो नावाचा तळहातात मावणारा एक बोर्ड असतो. त्यातली चिप यूएसबीवर स्वतःची ओळख कीबोर्ड म्हणून देऊ शकते. काट्याची वायर मधल्या एका चिपमधून, व्होल्टेज खाली आणून, या बोर्डात आली. बोर्ड एका बाजूने काटा ऐकतो, दुसऱ्या बाजूने कळा दाबतो. आता विंडोजच्या दृष्टीने हा परका प्रोग्राम नाही, खराखुरा कीबोर्ड आहे, त्याला अडवायचा प्रश्नच नाही.

पहिल्याच प्रयोगात मात्र बोर्ड जोडताक्षणी टाइप करत सुटला, आणि कर्सर होता पुतण्याने त्याच बोर्डासाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये. आपल्याला घडवणाऱ्या ओळींतच तो आकडे खुपसत होता. थांबवायला माउस न्यावा तर तोवर आणखी दहा आकडे. शेवटी वायर उपटली. आता त्या बोर्डावर एक खटका आहे. तो खाली असेल तरच बोर्ड बोलतो. असा खटका पहिल्या दिवसापासून हवा, हे पुतण्याने मला दोनदा सांगितलं, लिहा म्हणाला.

त्या काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का आहे, ठरावीक मुदतीने काटा तपासला जातो. पण शिक्का काट्यावर. काट्यापासून बिलापर्यंतच्या हातभर वायरीत आता एक प्रोग्राम बसला आहे आणि त्याच्यावर विश्वास आहे तो फक्त पुतण्याच्या शब्दाचा. हे मी त्याला भीतभीतच म्हटलं. त्याने खिशातून मोबाइल काढून एक फोटो दाखवला. काट्याचा मोठा लाल आकडा आता शेतकऱ्याच्या बाजूला फिरवून बसवला आहे, बिलाशेजारी ताडून बघता यावा म्हणून. मला वाटतं, जिथे यंत्राने माणसाच्या बोटाची जागा घेतली तिथे एवढं तरी हवंच.

थधऊ

चिक्कीच्या दुकानाच्या गोडाउनमध्ये खोकी आणि वेष्टनं येतात त्यांच्यावर दुसऱ्या जातीचे बारकोड असतात, आकड्यांबरोबर इंग्रजी अक्षरं असलेले. तिथला कारकून मराठीत टाइप करणारा, इन्स्क्रिप्टवर हात बसलेला. एका सकाळी स्कॅनर मारला आणि 'एल-ओ-टी'च्या जागी स्क्रीनवर आलं 'थधऊ'. स्कॅनर बिघडला म्हणून तो दुरुस्तीला गेला आणि 'चांगला आहे' म्हणून परत आला.

चांगलाच होता. तो कळांचे क्रमांक पाठवतो. शिफ्ट धरून एलची कळ, शिफ्ट धरून ओची, शिफ्ट धरून टीची. त्या कळांचा अर्थ काय लावायचा, हे कॉम्प्युटरवर त्या घडीला जी भाषा चालू असेल ती ठरवते. इन्स्क्रिप्टमध्ये एलवर त आणि शिफ्टने थ, ओवर द आणि शिफ्टने ध, टीवर दीर्घ ऊची मात्रा आणि शिफ्टने ऊ. स्कॅनरने इमानेइतबारे मराठी टाइप केलं होतं. आता स्कॅन करण्याआधी कारकून भाषा बदलतो, आणि स्कॅनरच्या मुठीवर त्याने चिकटपट्टी लावून लिहिलं आहे, 'आधी इंग्रजी'.

या इन्स्क्रिप्टची मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६मध्ये पहिल्यांदा ठरवली आणि १९९१च्या भारतीय मानकात ती पक्की झाली. ती घरोघर पोचवण्यात पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचा मोठा वाटा. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांनी केलेलं जिस्ट या लिपीतंत्राचं काम १९८८मध्ये सी-डॅकमध्ये आलं. जिस्ट कार्ड कॉम्प्युटरात बसवलं, की इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसवरचे प्रोग्राम देवनागरी घ्यायला आणि दाखवायला लागत. त्या प्रोग्रामांच्या कर्त्यांनी मराठीचा विचार केलेला नव्हता. कुणीतरी मध्ये शिरून तो त्यांच्यासाठी केला. पाचरच होती तीही.

दार उघडं आहे म्हणून

'मी कीबोर्ड' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायच्या कॉम्प्युटरच्या भोळेपणाची दुसरी बाजू २०१४च्या ऑगस्टमध्ये लास वेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी जगाला दाखवली. दिसायला पेन ड्राइव्ह, पण आतली प्रणाली बदललेली. जोडला की तो म्हणतो, मी कीबोर्ड. मग डोळ्याचं पातं लवायच्या आत तो आज्ञा टाइप करतो आणि कॉम्प्युटर त्या मालकाच्याच समजून पाळतो. अँटिव्हायरस फायली तपासतो, बोटं तपासत नाही. सापडलेला, फुकट आलेला, कुणी टेबलावर विसरलेला पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावू नये, आणि काम संपल्यावर स्क्रीन कुलूपबंद करून उठावं. हे मी कामशेतच्या काकांनाही सांगितलं आणि आपल्यालाही कळकळीने सांगते.

सरांचं बटण

तळेगाव दाभाड्यात आमच्या शाळेतले मराठीचे सर राहतात. स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या आजाराने चार वर्षांत त्यांचे पाय गेले, हात गेले, मग आवाज गेला. शुद्ध पूर्ण जागी आहे. उजवा गाल हलतो.

त्यांच्या उशाशी एका वाकवता येणाऱ्या दांड्यावर रुपयाएवढं बटण बसवलं आहे, गालाला जेमतेम टेकलेलं. बटणाची वायर एका डबीत जाते. डबीत कामशेतला पाहिला तोच बोर्ड. गाल दाबला की बोर्ड स्पेसबारची कळ दाबतो, बस एवढंच. स्टीफन हॉकिंगही गालाच्याच हालचालीने लिहीत, आणि इंटेलने त्यांच्यासाठी केलेला प्रोग्राम २०१५मध्ये सर्वांना खुला करून दिला. सरांच्या भाच्याने तो वाचून स्वतःचा मराठी प्रोग्राम रचला.

स्क्रीनवर अक्षरांचा तक्ता असतो. ओळी एकेक करून उजळत जातात. हवी ती ओळ उजळली की गाल दाबायचा, मग त्या ओळीतली अक्षरं एकेक उजळतात, हवं ते आलं की पुन्हा दाबायचा. इंग्रजीत अशा तक्त्यात अक्षरं कशी मांडावीत, यावर डोकं चालवावं लागतं. आपली वर्णमाला मुळातच ओळींत बसलेली आहे. कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग, प्रत्येकात पाच. सरांना तक्ता पाठ करावा लागला नाही. चाळीस वर्षं त्यांनी तोच फळ्यावर लिहिला होता. एकच बदल त्यांनी करायला लावला: मात्रांची ओळ सगळ्यांत वर, कारण तीच सर्वांत जास्त लागते.

गाल थरथरतो, त्यामुळे एका दाबाचे तीन व्हायचे. भाच्याने बोर्डाला सांगितलं, एकदा दाब कळला की पुढचे चारशे मिलिसेकंद काहीही ऐकू नकोस. हा आकडा सापडायला आठवडा गेला. दोनशेला अक्षरं दुणावत, सहाशेला सरांची चिडचिड होई.

निवडलेलं अक्षर हा प्रोग्राम पुन्हा इन्स्क्रिप्टची कळ म्हणून पाठवतो. म्हणून सर मेल लिहू शकतात, बँकेचं पान भरू शकतात, कुठेही. त्यांनी लिहिलेला पहिला शब्द काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, कॅलेंडरवर नोंदवून ठेवला आहे: लोणावळा. सरांचं जन्मगाव. एन, ए, शिफ्ट-सी, ई, बी, शिफ्ट-एन, ई. सात अक्षरचिन्हं, गालाचे चौदा दाब.

मी या लेखाचा मसुदा घेऊन गेले होते. काकूंनी तो स्क्रीनवर लावला, सरांनी वाचला. मग तक्ता उजळायला लागला. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, थांबत थांबत. काकू म्हणाल्या, "तू चहा घे गं, त्यांना वेळ लागेल." मी घेतला नाही. त उमटला. मग दीर्घ वेलांटी. मग मोकळी जागा. एक ओळ चुकली, ती फिरून परत येईपर्यंत सर डोळे मिटून थांबले. दीड-दोन मिनिटांनी स्क्रीनवर पूर्ण झालं: 'ती पाचर'. माझ्या मसुद्यात 'मारलेला पाचर' होता.

मी तिथेच बसून तो दुरुस्त केला. सरांनी गाल एकदा दाबला आणि तक्ता पुन्हा पहिल्या ओळीपासून उजळायला लागला.